अभय असेल तर

ते शब्द जुने आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जव्हारच्या कॉलेजात आमच्या सरांनी एक जुनं विनोदी नाटक बसवायला घेतलं. पहिल्या वाचनाला ‘तस्त’ आणि ‘चंची’ ऐकून वर्गातल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, आणि मी मात्र मान खाली घालून दोन्ही शब्द तोंडात घोळवत बसले. आमच्या घरी तस्त नव्हतं. फ्रीजही नव्हता. पुस्तकातली मराठी मला सगळीच सारख्या अंतरावरून दिसायची, समोरच्या डोंगरावरचे दिवे दिसतात तशी. त्यातला कुठला दिवा जवळचा, कुठला लांबचा, आणि कुठल्या घरातली माणसं कधीच उठून गेलीत, हे इथून कसं कळणार?

माझं घर मोखाड्याच्या बाजूला, पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्यावर. घरची बोली वेगळी. मराठी मला शाळेत भेटली आणि बरीच वर्षं ती पाहुण्यासारखीच राहिली, तिच्यासमोर नीट बसायचं, पाय पसरायचे नाहीत. त्यामुळे सर जेव्हा म्हणाले, की हे शब्द आता कुणी बोलत नाही, तेव्हा मला जरा रागच आला. आत्ता कुठे मी शिकायला लागले होते, आणि ही म्हणे सगळी उठून गेलेली माणसं!

नाटक असं होतं. एक जहागीरदार आणि त्याची बायको कारल्याच्या भाजीवरून भांडतात आणि एकमेकांशी बोलणं टाकतात. दोघांमध्ये निरोप नेणारा एक कारभारी असतो. तो इकडचं तिकडे सांगताना इतकी वेलबुट्टी काढतो, की शेवटच्या अंकापर्यंत माजघर आणि दिवाणखाना ही दोन शत्रुराज्यं होऊन बसतात. हा कारभारी मला मिळाला. मुलगी असून मला पुरुषाचं काम का दिलं, तर आवाजासाठी. गुरं वळताना या टेकाडावरून त्या टेकाडावर हाका मारून तो कमावलेला होता. सर म्हणाले, हिला माइक लागणार नाही, तेवढाच भाड्याचा खर्च वाचला.

त्या कारभाऱ्याची एक सवय होती. प्रत्येक वेळी दिवाणखान्यात शिरताना तो हात जोडून म्हणायचा, “खावंद, अभय असेल तर एक विज्ञापना आहे.” मग जहागीरदाराने म्हणायचं, “अभय दिलं. बोल.” तेवढं ऐकल्याशिवाय कारभारी एक अक्षर पुढे बोलायचा नाही. दुसऱ्या अंकात तर गंमतच होती. स्वयंपाकघराला आग लागलेली असते, कारभारी धावत येतो, हात जोडतो, वाक्य म्हणतो, आणि त्याच क्षणी जहागीरदाराला डुलकी लागते. अभय काही मिळत नाही. आतून धूर येतोय, बायका ओरडताहेत, आणि हा पठ्ठ्या हात जोडून गप्प उभा! वाचनाला या जागी सरांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही, डोळे पुसत ते पान उलटायचे.

ते दिवस दिवाळीनंतरचे होते. सकाळी वसतिगृहातून कॉलेजला निघालं की जव्हारच्या रस्त्यावर धुकं बसलेलं असायचं. समोरचं माणूस आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. मी त्या धुक्यात एकेक शब्द हळूच सोडून द्यायची. मेणा. गुलाबदाणी. शालजोडी. अबदागिरी. कुणी ऐकत नसायचं, ऐकलंच तर कुणाचा आवाज हे कळत नसायचं. वस्तू न बघता शब्द शिकल्यामुळे त्या वस्तूंना मी मला हवे तसे आकार देऊन टाकले होते. माझी गुलाबदाणी दुधीभोपळ्याएवढी होती. अबदागिरी हा कुणी माणूस असावा, फार उंच, फार कमी बोलणारा, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे सरांनी सांगितलं की ती एक मानाची छत्री, तेव्हा मला चांगलंच वाईट वाटलं. त्या उंच माणसाची मला सवय झाली होती. राजवाड्याकडच्या झाडीत संध्याकाळी फिरायला गेलं की तो मला बरेचदा दिसायचा.

शनिवारी दुपारच्या एसटीने मी घरी जायची. खिडकीशी बसून संवाद पुटपुटायची आणि शेजारची बाई अंग चोरून बसायची. एसटीतून उतरून पाड्याची पायवाट धरली की मात्र मोकळं रान. तिथे मी पूर्ण आवाजात कारभारी व्हायची. “आज्ञा शिरसावंद्य!” असं ओरडलं की ओहोळापलीकडून कुणीतरी “होऽऽ” म्हणून ओ द्यायचं. त्यांना वाटायचं मी हाक मारली.

घरी त्या वर्षी एक घोर लागून राहिला होता. आमच्या पाड्याच्या वर उतारावर एक शेत आहे. आम्ही त्याला वरचं शेत म्हणतो. बाबाच्या आज्यापासून आम्ही ते कसतोय. पण जमीन जंगल खात्याची. ती आमच्या नावावर व्हावी म्हणून वनहक्काचा दावा टाकलेला होता आणि तो बरीच वर्षं पडून होता. पावसाळ्यापूर्वी एकदा सुनावणी झाली. कचेरी कुठली ते राहू दे. तिथे साहेबांनी बाबाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का, आणि बाबा खाली बघत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. साहेब म्हणाले, आणखी एकदा बोलावतो, पण तेव्हाही तुम्हाला काही सांगायचं नसेल तर दावा बंद करावा लागेल. हे मला चुलत्याने सांगितलं. बाबाने नाही. बाबाने घरी येऊन फक्त पाणी मागितलं होतं.

माझा बाबा मुका नाही. गुरांशी बोलतो, आयशी बोलतो, झाडावर चढला की झाडाशीसुद्धा काहीतरी बोलतो. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. मराठी त्याला येते. ठाण्याकडे कामाला जाऊन जाऊन हिंदीही येते. ती कामापुरती, हो-नाही, आलो-गेलो. आपल्या मनातलं सांगण्यापुरती नाही. सुनावणीची पुढची तारीख मार्गशीर्षात होती आणि मी ठरवून टाकलं होतं की या वेळी मी सोबत जाणार आणि मीच बोलणार. सगळ्या नाटकात दुसऱ्याचंच तर बोलणं बोलत होते. बापाचं बोलायला काय जड होतं?

नागलीची कणसं तेव्हा खळ्यावर येऊन पडलेली. नागली म्हणजे नाचणी. बाबा दांडक्याने ती झोडायचा आणि मी बाजूला दगडावर बसून पाठांतर करायची. मला समोरून जहागीरदाराची वाक्यं द्यायला कुणीतरी हवं होतं. आयला विचारलं तर ती म्हणाली, “माना कामं हायेत. तुज्या बापाला सांग, तो उगाच बसलाय.” बाबा घाम पुसत होता. पण त्याने दांडकं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “काय बोलायचा?”

त्याला वाचता येत नसल्याने मी वाक्यं तोंडी सांगितली. आणि मला नवल वाटलं, ती त्याला लगेच बसली. मी दोनदा म्हणायची, तो एकदा म्हणायचा, की झालं. पुढच्या शनिवारी आले तर सगळी तशीच्या तशी. दांडक्याच्या ठेक्यावर त्याने ती आठवडाभर घोळवली होती. आय म्हणाली, “आता कोंबडीलाबी खावंद म्हणतो. दोघांना एकदमच लागीर झालाय.”

प्रत्येक शब्दाला तो एकच विचारायचा, “याचा काय करतात?” तस्त म्हणजे पान खाऊन थुंकायचं भांडं, हे ऐकून त्याने शब्दच सोडून दिला. थुंकायला एवढं रान पडलंय, त्याला भांडं कशाला! पानसुपारीची चंची, शालजोडी, गुलाबदाणी, या सगळ्या माझ्या लाडक्या वस्तू त्याने खळ्याबाहेर काढल्या. पण बोलण्याचे शब्द तो ठेवून घेत गेला. तसदी. मुरवत. रदबदली. रदबदली म्हणजे दुसऱ्याच्या वतीने मध्ये पडून बोलणं, असं मी सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघून जरा हसला आणि म्हणाला, “मंजे तू.”

अभय हा शब्द त्याने तीन-चारदा विचारला. मी सांगितलं, मोठ्या माणसाला काही सांगायचं असलं, आणि भीती वाटत असली, तर आधी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं की तू रागावणार नाहीस. मग सांगायचं. 

बाबाने दांडकं खाली ठेवलं. संध्याकाळ उतरत होती. खळ्यावर उडालेला भुसा उन्हात लालसर दिसत होता आणि वारा पडल्यामुळे तो खाली यायचंच विसरला होता.

“असा शब्द हाय,” तो म्हणाला. “माना ठाव नव्हता.”

मग तो दुसऱ्या बाजूने उभा राहिला. म्हणाला, “आता मी कारभारी. तू खावंद हो.”

त्या दिवसापासून तालमी उलट्या सुरू झाल्या. खरं तर मला तालीम हवी होती आणि मीच दगडावर रेलून जहागीरदार होऊन बसायची. बाबा खळ्याच्या कडेने चालत यायचा, हात जोडायचा, वाक्य म्हणायचा. मी “अभय दिलं, बोल” म्हटलं की पुढचं. एकदा मला त्याची गंमत करायची लहर आली. मी आगीच्या प्रवेशातल्यासारखे डोळे मिटून घेतले आणि घोरायला लागले. म्हटलं, बघू किती वेळ थांबतो. तो थांबला. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर हात जोडलेले, नजर कुठेच नाही, उजव्या पायाची टाच जमिनीवरून किंचित उचललेली. कोंबड्या नागलीवर तुटून पडल्या, आय आतून ओरडत आली, तरी हा हलला नाही. शेवटी मलाच बोलावं लागलं.

“बाबा, हे हसायचं असतं,” मी म्हटलं. “आग लागली आणि तो वाट बघत उभा राहिला, म्हणून लोक हसतात.”

“हसूं दे,” तो म्हणाला. “बरोबर हाय त्याचा. दिल्याशिवाय कसा बोलंल?”

ते मला तेव्हा पटलं नाही, पण त्याला असं का वाटलं ते मात्र कळलं. आमच्याकडे बोहाडा होतो. उन्हाळ्यात गावोगाव देवांची सोंगं नाचतात. प्रत्येक सोंग एकेका घराकडे असतं. आमच्या घराकडे जे आहे ते पहाटे निघतं. लाकडी मुखवटा चांगला जड आहे. त्याच्या बापाकडून बाबाकडे आलेला. मुखवटा चढवला की माणसाने बोलायचं नाही, आणि सांबळावर आपल्या सोंगाचा ठेका पडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी लहान असताना एकदा सांबळवाल्याच्या वाद्याचं कातडं सैल झालं. तो शेकोटीवर ते तापवत बसला. आणि माझा बाबा गावासमोर मुखवटा घालून तसाच उभा, टाच उचललेली, मुखवट्याचे डोळे उगवतीकडे. पोरं हसत होती. एकाने तर शेण फेकलं. उजाडायला लागलं, डोंगराची कड निळी झाली, आणि तो उभाच. मग ठेका पडला आणि तो असा नाचला, की मला वाटलं हा माझा बाबा नाहीच. घरी येऊन आयने त्याची मान चोळून दिली तेव्हा पुन्हा बाबा झाला.

त्या आठवड्यांत मला सारखी स्वप्नं पडायची. वरच्या शेतात नागलीच्या धाटांमध्ये कुणीतरी गुलाबदाणी ठेवून गेलंय. एसटीच्या मागून घाटात मेणा येतोय आणि कंडक्टर त्यालाही थांबून तिकीट फाडतोय. आणि अबदागिरी नावाचा माझा उंच माणूस बांधावर उभा राहून म्हणतोय की हे शेत कुणाचं ते मला माहीत आहे, पण मला कुणी विचारत नाही.

सुनावणीच्या दिवशी बाबा पहिल्या गाडीने आला. मी डेपोत वाट बघत होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. पिशवीत भाकरी. आम्ही चहा घेतला. मी त्याला सांगितलं की तू फक्त मान हलव, बाकी मी बघते. मी सगळं पाठ केलंय. कलम, नियम, ग्रामसभेचा ठराव. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, “बरा.” धुकं इतकं होतं, की डेपोतून निघणाऱ्या गाड्यांचे नुसते दिवेच जाताना दिसत होते.

कचेरीत बाकावर आमच्यासारखे बरेच लोक बसले होते. आमचं नाव पुकारलं. टेबलामागे साहेब, त्यांच्या बाजूला आणखी दोघं, कडेला एक लिहिणारे भाऊसाहेब. मी पुढे झाले आणि सुरुवात केली. माझा आवाज त्या खोलीला जरा मोठाच झाला. साहेबांनी हात वर केला.

“तुम्ही कोण?”

“मुलगी.”

“दावा कुणाचा आहे?”

“बाबाचा.”

“मग त्यांना बोलू द्या. आम्हाला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मागच्या वेळीही ते काही बोलले नव्हते.”

ते रागाने नव्हते बोलले. पण एवढं पाठांतर करून माझी रदबदली दाराबाहेर! मी मागे सरले. आता तो खाली बघणार, आणि दावा बंद, आणि वरचं शेत गेलं. माझ्या डोळ्यांसमोर ते शेत दिसायलाही लागलं, तारेचं कुंपण घातलेलं.

बाबाने पिशवी माझ्या हातात दिली. पुढे दोन पावलं गेला. हात जोडले. आणि खळ्यावर म्हणायचा तसंच, स्वच्छ, सावकाश म्हणाला,

“खावंद, अभय असेल तर एक विज्ञापना आहे.”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग भाऊसाहेब फिसकन हसले. मग टेबलामागचे दोघं. मग साहेबांनाही आवरेना. आणि मग मागच्या बाकांवरून आमचीच माणसं हसायला लागली, ज्यांना त्या वाक्यातला एक शब्दही कळला नव्हता तीसुद्धा, साहेब हसतात म्हणून.

मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मीच ते शब्द घरी नेले होते. हे आता कुणी बोलत नाही, एवढी एक गोष्ट मला सरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि मी ती बाबाला सांगितली नव्हती. मुळात मलाच ती पटली नव्हती. मला रडू येत होतं आणि हातात भाकरीची पिशवी होती.

बाबा हलला नव्हता. हशा चालू असताना त्याचा चेहरा मुखवट्याआड असल्यासारखा शांत होता. हळूहळू खोली निवली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ते म्हणाले, “बोला, बोला बाबा. सांगा.”

बाबा बोलला नाही.

“सांगा ना. काय म्हणायचं आहे?”

हात तसेच जोडलेले. नजर साहेबांच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे, खिडकीबाहेर, जिथे नुसतं पांढरं होतं.

“मागच्या वेळी असंच झालं होतं,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

मी खाली बघितलं. बाबाची उजवी टाच जमिनीवरून किंचित उचललेली होती.

त्याची भीती गेली होती हे मला तेव्हा कळलं. जीभ टाळ्याला चिकटलेली नव्हती. त्याचं वाक्य झालं होतं आणि आता समोरच्याची पाळी होती. मी पुढे झाले. या वेळी माझा आवाज अगदी बारीक निघाला.

“साहेब, तो थांबलाय. तुम्ही ‘अभय दिलं’ म्हणायला हवं. त्याशिवाय तो पुढे बोलणार नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही रागावणार नाही म्हणून सांगायचं. मग तो बोलेल.”

भाऊसाहेब पुन्हा हसणार होते. पण साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बाबाकडे बघत राहिले. त्या जोडलेल्या हातांकडे. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्चीत सरळ बसले आणि काहीसे अवघडून म्हणाले,

“अभय… अभय दिलं. बोला.”

बाबाची टाच खाली टेकली.

आणि तो बोलला. नाटकातलं नाही. आमच्या बोलीत, जशी येईल तशी मराठी मिसळत. “साहेब, वरच्या शेताला पयला हात माज्या आज्याचा लागला. बांध बगा. खालचा दगूड काळा झालाय, शेवाळ धरलाय, तो आज्याचा. मधला माज्या बापाचा. वरचा माजा. शेताच्या अंगाला मोहाचा झाड हाय. त्याच्या बुडाला चूल हाय दगडाची. पावसात राखणीला माजी आय तिथंच ऱ्हायची. मी तिथंच झालो. ही माजी पोर तिथंच चालाय शिकली. माना लिवता येत नाय. तुमी वर या, मी दावतो. मागच्या टायमाला मी भ्यालो, म्हून बोललो नाय. माजा काय सांगायचा नव्हता असा नाय.”

खोलीत कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, चूल अजून आहे का? बाबा म्हणाला, हाय, काळी हाय, हात लावा. त्यांनी विचारलं, मोह कुणी लावला? बाबा म्हणाला, मोह कोण लावतो साहेब, तो येतो, आमी राखला. असं बराच वेळ चाललं. भाऊसाहेब लिहीत होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला ते पुसायचंही सुचलं नाही.

पुढचं आताच सांगून टाकते. ती माणसं खरंच वर आली, दम खात, धापा टाकत. त्यांनी बांध पाहिला, चुलीला हात लावला, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यानंतर बरेच महिने गेले, आणि वरचं शेत आमच्या नावावर झालं. आमचं नाटकही झालं, बरं झालं, आगीच्या प्रवेशाला लोक खूप हसले. मी त्या जागी हात जोडून उभी होते आणि मला अजिबात हसू येत नव्हतं. सर म्हणाले, अगदी असंच उभं राहायचं असतं, कुठे शिकलीस? आता मी स्वतः शाळेत शिकवते, आणि मुलं फळ्यासमोर गप्प झाली की आधी त्यांच्या पायांकडे बघते.

पण त्या दिवशी दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही डेपोत बाकावर बसून भाकरी खाल्ली. धुकं विरलं होतं आणि माणसांना पुन्हा चेहरे आले होते. मोखाड्याची गाडी लागली. बाबा खिडकीशी बसला, मी खाली उभी राहिले. मला त्याला सांगायचं होतं की ते शब्द फार जुने आहेत, ते नाटकातले आहेत, लोक म्हणून हसले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच खिडकीतून वाकला. काहीतरी आठवून तो खुशीत होता.

“साहेब बरा मानूस हाय,” बाबा म्हणाला. “वाक्य पाठ नव्हता त्याचा. पर बोलला.”